करपलेल्या पातेल्याचा आनंद

बोरखळीत घरकामाचा आनंद काम करणाऱ्याला होत नाही. नगरपरिषदेच्या वहीत ज्याचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागलेलं असतं, त्याला होतो. कुसुमताई नेरकरांच्या घरचा आनंद गेली एकतीस वर्षं त्यांचे यजमान दत्तात्रयराव घेत होते.

कुसुमताई मोरीत दुधाचं करपलेलं पातेलं घासायला बसल्या, की इकडे झोपाळ्यावर दत्तात्रयरावांचे डोळे मिटायचे. "वा! बुडाशी जरा जोर लाव गं," ते तिथूनच म्हणायचे. "आत्ता कुठं रंगत येतेय." दिवाळीआधी पंखे पुसले जात, तेव्हा तर त्यांना इतका आनंद व्हायचा की आडवं व्हावं लागे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त हा इस्त्रीचा सदरा घालून बसे. सदऱ्याच्या इस्त्रीचा आनंदही त्यालाच झालेला असे.

कामाला बाई लावायची गोष्ट त्यांनी कधी निघू दिली नाही, आणि हिशेबानं बरोबरच होतं त्यांचं. बाई लावली की आनंद बाईच्या नवऱ्याला जातो. गल्लीतल्या चार घरची भांडी घासणाऱ्या पार्वतीचा नवरा त्यामुळेच सकाळपासून पारावर डोलत असायचा. लोक उगाच दारूला नावं ठेवत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं जिल्ह्याहून एक व्याख्यात्या बोलावल्या. बाईंच्या साडीची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"मैत्रिणींनो, भांडी घासताना आनंद शोधा. तो तिथंच असतो," त्या म्हणाल्या.

"तिथं नसतो," कुसुमताई उठून म्हणाल्या. "आमच्याकडे तो झोपाळ्यावर असतो."

"दृष्टी बदला, ताई."

"दृष्टीचं राहू द्या. नोंद बदलते का, तेवढं सांगा."

बाईंनी घड्याळ बघितलं आणि तिळगूळ वाटायला सांगितला. कपाळ त्या बाईंचं! कुसुमताई दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेत गेल्या. आनंद विभागाच्या लिपिक ढेपेबाईंनी वही उघडून खात्री केली.

"नाव बदलता येतं," त्या म्हणाल्या. "यजमानांचं ना-हरकत पत्र आणा."

"हरकत आहे," दत्तात्रयराव घरी म्हणाले. "डॉक्टरांनी साखर तोडली. मुलं फोन करत नाहीत. ऑफिसातलं कुणी इकडे फिरकत नाही. एवढा एक आनंद उरलाय, तोही तुला हवाय?"

"अहो, साठीला आलेय मी. ज्याच्यापायी हातांची सालं निघाली तो असतो तरी कसा, एवढं मला कळायला नको?"

दत्तात्रयरावांनी पेपरचं पान उलटलं. कुसुमताईंनी त्या दिवसापासून भांडी तशीच ठेवून मोरीचं दार लावून घेतलं. पहिले दोन दिवस दत्तात्रयरावांनी जुना आनंद आठवून काढले. तिसऱ्या दिवशी झोपाळा थांबला. पाचव्या दिवशी पत्रावळीवर जेवताना त्यांना चक्क रडू आलं.

"सही करतो," ते म्हणाले. "पण पातेलं घास बाई. तुझ्या नावावर का होईना, घरात आनंद असू दे."

नोंद झाली. घरी येऊन कुसुमताईंनी पदर खोचला आणि पाच दिवसांचं पातेलं पुढ्यात ओढलं. घासता घासता तळ दिसायला लागला आणि आनंद आला. कोमट होता. शेजारच्या रेडिओवर ओळखीचं गाणं लागून लगेच बातम्या सुरू व्हाव्यात, तेवढाच. त्यांनी कढई घासली, तवा घासला. तेवढाच. डोंबलाचा आनंद! एवढ्यावर हा माणूस एकतीस वर्षं डोलत होता?

"आला का गं?" दत्तात्रयराव दारात येऊन उभे होते.

"आला."

"कसा आहे?"

"तुम्हाला पुरेल असा आहे," कुसुमताई म्हणाल्या आणि हात धुतले.

सकाळी कार्यालय उघडायच्या आत त्या पायरीवर हजर होत्या.

"आनंद परत करायचाय," त्यांनी ढेपेबाईंना सांगितलं. "त्यांच्याच नावावर टाका. आणि त्याच्याबरोबर कामही टाका."

"कामाची नोंद आपल्याकडे नसते. नोंद फक्त आनंदाची."

"मग काम कुणाच्या नावावर असतं?"

ढेपेबाईंनी वही पुढून चाळली, मागून चाळली. "कुणाच्याच नाही."

"माझ्याही?"

ढेपेबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "तुमच्याही नाही."

कुसुमताई समोरच्या खुर्चीत बसल्या. "हे मला लिहून द्या," त्या म्हणाल्या. "शिक्क्यासकट."

ढेपेबाईंनी दोन प्रती केल्या. दोन्हींवर शिक्का मारला, एक कुसुमताईंना दिली आणि दुसरी घडी घालून स्वतःच्या डब्याच्या पिशवीत ठेवली.