आम्ही म्हणजे कंपनी

बस्त्यावकाकांना ऑफिसात पाणी कुठे मिळेल एवढं विचारलं, तरी ते कंपनीच्या स्थापनेपासून सुरुवात करत. "आम्ही तेव्हा इंग्लंडात गटारं बांधत होतो. मग बंदरं घेतली. ओमानला आलो ते एक तंबू आणि दोन जीप घेऊन."

काका मूळचे वसईचे. ओमानात, रुवीतल्या एका ब्रिटिश सल्लागार कंपनीत ड्राफ्ट्समन. साहेबांनी आकडे द्यायचे, काकांनी नकाशा काढायचा आणि माझ्यासारख्या ठेकेदारांनी तो बांधायचा.

"काका, गटारं बांधली तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?"

"आम्ही म्हणजे कंपनी. नोंद आहे."

'नोंद आहे' म्हटलं की विषय संपला.

माझं त्यांच्याशी वाकडं होतं. एका जुन्या पिकअपवर मी धंदा उभा केला. घासाघिशीत मला रुवीत कुणी हरवलं नाही, या माणसाशिवाय. नव्वदच्या दशकात वादी अदाईत, शाळेच्या वाटेवर, मी वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या आणि पावसात एकदम पूर येणाऱ्या नदीच्या, कडेने कठडा बांधला. काका टेप घेऊन हजर. ड्राफ्ट्समनचं साइटवर काय काम?

"दोन सेंटिमीटर कमी आहे, अर्बाब." अर्बाब म्हणजे मालक.

"दोन सेंटिमीटरने कोण मरतंय, काका?"

"एकशे वीस म्हणजे एकशे वीस."

वरचा अख्खा थर फोडून पुन्हा घालावा लागला. मी शिव्या दिल्या त्या शुद्ध मराठीत, साहेबाला कळू नयेत म्हणून. काकांना कळल्या. म्हणाले, "नोंद आहे."

पुढे दहाएक वर्षांनी कंपनी बौशरला हलली. सामान हलवायचं काम मी घासाघीस करून मिळवलं. जुने नकाशे कॉम्प्युटरात गेले होते, कागद भंगारात जाणार होते. निवृत्तीला आठवडा उरलेले काका माझ्या पिकअपपाशी आले.

"एवढे रोल मला दे."

मी याच दिवसाची वाट बघत होतो. "देतो. आधी म्हणा, वादी अदाईचा कठडा बरोबर होता."

"नव्हता."

"मग खलास. भंगार."

काका हलेनात. "कंपनीचा इतिहास आहे रे तो."

"इतिहासाचं पुस्तक काढलंय ना साहेबांनी? चांगलं जाडजूड आहे."

"वाचलं. त्यात ही नाही."

त्यांनी एक रोल उलगडला. बांधकामाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून नकाशात शेजारी एक माणूस काढतात. काकांच्या नकाशात दोन वेण्यांची मुलगी होती. दुसरा रोल उलगडला. तीच मुलगी, जरा मोठी.

"आमची मार्था. वर्षातून महिनाभर घरी जायचो. दाराला टेकवून तिची उंची घ्यायचो. इथे आलो की त्याच मापाने काढायचो." रोल गुंडाळत म्हणाले, "मग कॉम्प्युटर आला. त्यात माणसं तयार मिळतात."

मी वादी अदाईचा रोल शोधून काढला. माझ्या कठड्याच्या आत ती दप्तर घेऊन उभी होती. डोकं कठड्याच्या किंचित खाली.

"इथे किती होती?"

काकांनी पट्टी लावली नाही. "एकशे अठरा. दुसरीत."

मी बांधलेला कठडा बरोबर तेवढाच भरला होता.

रोल मी स्वतः त्यांच्या खोलीवर पोचवले. दोन सेंटिमीटरसाठी थर फोडायला नको होता, हे माझं मत आजही कायम आहे. त्या दिवशी मात्र ते मी बोललो नाही.