आधी पाणी वता

तात्या कुठलीही नवी वस्तू पाणी ओतून तपासतात. बादली, पिंप, छत्री यांचं कुणीही समजून घेईल. पण बाबांनी स्कूटरच्या सीटला नवं रेक्झिनचं कव्हर घातलं, तेव्हा तात्या शेजारच्या अंगणातून भरलेला तांब्या घेऊनच आले. बाबा "अहो, अहो" म्हणेपर्यंत तो सीटवर रिकामा झाला होता. मग त्यांनी कव्हर उचलून खालच्या स्पंजला तळहात लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ओलं."

बाबा त्या दिवशी कामावर चालत गेले.

"आधी पाणी वता, मग बोला," हे तात्यांचं ठरलेलं वाक्य. विमा एजंटने भेट दिलेली प्लॅस्टिकची फाइल, मावसभावाचं वॉटरप्रूफ घड्याळ, आईची नवी पर्स, सगळ्यांना या परीक्षेतून जावं लागलं. घड्याळ नापास झालं. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलगा दिसायला बरा, नोकरी पक्की. बाबांनी सहज तात्यांचं मत विचारलं. "पाणी वतून बघितलं का?" एवढंच ते म्हणाले. याचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण बाबांनी ते स्थळ पुढे नेलं नाही. मी तात्यांची मनातून आभारी राहिले.

तात्या आमचे नात्याने कुणी नाहीत. बारामतीत आमच्या शेजारच्या प्लॉटवर त्यांचं घर आहे. साखर कारखान्यात ट्रॅक्टर चालवून ते निवृत्त झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली आणि मूलबाळ नाही. संध्याकाळी ते चहाला आमच्याकडे येत. चहा मी करायचे. कपातला चहा बशीत ओतून झाला की ते बशी उचलून तिचा तळ बघत. बशी रोज तीच असायची.

मी फारसं बोलत नाही. त्यातून इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी जरा छापील आहे. "मी येत नाही" म्हटलं की तात्या ओसरीतून म्हणत, "आकाशवाणीचं केंद्र लागलं बघा." पण आईला ते सांगत, "ही बोलती कमी, पर ऐकती. बाकीची निस्ती बोलत्यात."

पाणी ओतायची सवय त्यांच्या घराण्यातली. तात्यांचे वडील मेंढरं राखायचे. पावसाळा संपला की कळप घेऊन घाट उतरायचे आणि पाऊस यायच्या आत परत या कोरड्या मुलखात यायचे, कारण ओल्या जमिनीवर मेंढरांचे खूर कुजतात. अंगावर एकच घोंगडी, तीच पांघरूण, तीच छत. म्हणून बाजारात घोंगडी घेताना चौघांनी चार टोकं धरायची, मधल्या खोलगट भागात तांब्याभर पाणी ओतायचं आणि घरातल्या जाणत्या माणसाने खाली तळहात धरायचा. वेळ मोजायला घड्याळ नाही. बाजूला एकजण तंबाखू मळायला घ्यायचा, ती मळून होईपर्यंत हात कोरडा राहिला तर घोंगडी घ्यायची. मेंढरं गेली, घोंगडी गेली, तात्यांच्या हातात ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आलं. तळहात मात्र तसाच राहिला.

आणि पाण्याच्या बाबतीत तात्या कुणाची भीड ठेवत नाहीत, स्वतःचीसुद्धा. त्यांच्या घराच्या वास्तुशांतीला पंगत बसली होती. तात्या जिना चढून गच्चीवर गेले, पाणी ओतलं, खाली आले, छताला हात लावला आणि वाढणाऱ्यांच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "मंडळी, स्लॅब गळतोय. सावकाश जेवा."

मला स्कॉटलंडच्या एका विद्यापीठात दुग्धशास्त्र शिकायला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा तात्यांचा पहिला प्रश्न होता, "दूध शिकायला समिंदरापार? कोपऱ्यावरच्या गवळ्यानं काय घोडं मारलंय?"

दुसरा प्रश्न त्यांनी विद्यापीठाचं माहितीपुस्तक बघून विचारला. त्यात एक फोटो होता. हिरवी टेकडी, बारीक पाऊस, आणि त्या पावसात निवांत चरणारी मेंढरं. तात्यांनी ते पान उजेडात धरलं.

"पावसात उभी केल्यात. राखणारा कुठं हाय?"

"तिथे राखणारा नसतो तात्या. कुंपण असतं."

"आन् खुरांचं काय?"

मला माहीत नव्हतं. "गेलीस की आधी खूर बघ," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आमची सारी पिढी पावसाला पाठ दावत जगली. तू त्याच्या घरीच राहायला निघालीस."

तिकडे वर्षभर पाऊस असतो, हे मला आधीच्या वर्षी गेलेल्या एका मुलीने कळवलं होतं. चांगलं रेन जॅकेट घेऊनच ये, इथे घेतलंस तर शिष्यवृत्तीतून जेवायला उरणार नाही, असं तिने बजावलं होतं. आता इंदापूर-बारामतीकडे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, चहा घेऊन निघतो. इथे रेनकोट म्हणजे शाळेच्या यादीत असतो म्हणून घ्यायचा. बाबांना कारखान्याच्या हंगामाची कामं होती आणि मला दुकानदाराशी बोलायची भीती वाटते. "तिच्यासंगं मी जातो," तात्या म्हणाले. आई माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही.

बारामतीतल्या पहिल्या दुकानात तात्यांनी जॅकेटची चेन उघडायला लावली, पाठ वर करून ते पसरलं आणि चार माणसं मागितली.

"कशाला?" दुकानदार म्हणाला.

"टोकं धरायला. तुमी ही बाही धरा. अहो पाव्हणं, तुमी ती धरा."

साडी घ्यायला आलेल्या एका पाहुण्याने खरंच बाही धरली. गल्ल्यावरच्या माणसाच्या हातात तात्यांनी आपली तंबाखूची चंची दिली. "मळा."

"मी तंबाखू खात नाही हो."

"खायाला कोण सांगतंय? मळा."

मी दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझा त्या म्हाताऱ्या माणसाशी काही संबंध नाही, मी एक सायकलची आवड असलेली मुलगी आहे, असा चेहरा मी केला. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला, मग शांतता, मग तात्यांचा आवाज, "ओलं."

दुसऱ्या दुकानातही असंच झालं. तिसऱ्या दुकानदारापर्यंत बातमी आधीच पोचली होती. त्याने आम्हाला बघून "रेनकोट संपले" म्हणून सांगितलं, आणि त्याच्या डोक्यावर तीन लटकत होते.

माझं विमान पुढच्या आठवड्यात होतं. तिकीट आलं, बॅग भरली, आईने चटण्या बांधल्या, जॅकेट नाही. मला रात्री स्वप्नात मी भिजलेली दिसायचे. बाबा म्हणाले, इंदापूरला हायवेला बघा, तिथे मोटारसायकलवाले, ट्रकवाले घेतात तसला माल असेल. मी आणि तात्या सकाळच्या एसटीने निघालो.

ते दुकान एका बाईंचं होतं. ताडपत्री, दोरखंड, टॉर्च आणि कोपऱ्यात जॅकेटं. तात्यांनी नेहमीचा तांब्या पिशवीतून काढला. मी घाईने दाराकडे वळले.

"वता की," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझा माल हाय, मीठ न्हाय."

तात्यांना असं कुणी आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असावं. मग त्यांनी निळं, टोपीचं एक जॅकेट निवडलं. भाव आम्हाला परवडणारा होता. पण दुपार चढत होती, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि टोकं चार होती.

"दोन मी धरते," बाई म्हणाल्या. "दोन ह्या मुक्या पोरीला धरू द्या."

म्हणून मी परत आले आणि दोन टोकं धरली. तात्यांची परीक्षा मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. पाणी पडलं, निळ्या कापडावर त्याचं लहानसं तळं झालं आणि थरथरत राहिलं. तात्यांनी खाली तळहात धरला. तंबाखू मळायला कुणी नव्हतं. ते नुसतेच डोळे मिटून उभे होते. माझ्या बाजूने मला त्यांचा हात स्पष्ट दिसत होता, ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगने घट्टे पडलेला, भेगाळलेला.

"ओलं," तात्या म्हणाले.

हात कोरडा होता.

त्यांनी तो धोतराला पुसलासुद्धा. पुसताना डोळे उघडले, आणि मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

बाई पाणी बाहेर टाकायला निघाल्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं. बारामतीच्या त्या दोन दुकानांत काय झालं असेल, ते मला आता विचारायचं नव्हतं.

"तात्या," मी म्हणाले, "परत एकदा बघता?"

बाईंनी आणि मी टोकं पुन्हा ताणली. तात्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. बराच वेळ हात तसाच धरून ठेवला, एखादी तंबाखू मळून, चुना झटकून, तोंडात टाकून होईल इतका वेळ. बाईंचे हात भरून आले असतील, पण त्यांनी टोकं सोडली नाहीत.

"कोरडं हाय," तात्या म्हणाले. मग बाईंकडे वळून, "बांधा."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, पुडकं मांडीवर घेऊन. बाहेर उसाच्या गाड्या रांगेने चालल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ह्ये घावलंच नसतं तर?"

"तरी गेले असते तात्या. तिथे काहीतरी घेतलं असतं."

"व्हय," ते म्हणाले. "त्ये बी खरंच हाय."

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी बशीचा तळ बघितला नाही.

स्कॉटलंडला पोचल्यावर पहिल्याच रविवारी मी रस्त्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यातून घरी फोन केला. आमच्याकडे फोन तेव्हा नुकताच आला होता. आई-बाबा बोलून झाल्यावर रिसीव्हर तात्यांकडे गेला. बारामतीपर्यंत आवाज ओरडूनच पोचवायचा असतो, अशी त्यांची खात्री होती.

"खूर बघितलंस का?"

"बघितले. चांगले आहेत. इथली मेंढरं वेगळी आहेत तात्या."

"आसतील. च्या कोण करून देतं तुला?"

"मीच करते."

"हितं तुझी आई करती. बरा आसतो." मग आवाज एकदम खाली आला. "पोरी, गळतंय का गं त्ये?"

बाहेर पाऊस होता. इथला पाऊस वरून पडत नाही, चहूकडून येतो, आणि शिवणीच्या बारीक भोकांवर त्याचं विशेष लक्ष असतं. पाठ कोरडी होती, तात्यांनी तपासली होती तेवढी. खांदे पहिल्याच दिवशी भिजले होते.

"न्हाय तात्या," मी म्हणाले.

"खरं सांग. हात बघ तुझा."

मी बघितला. बाहीतून उतरलेलं पाणी मनगटावरून तळव्यात जमलं होतं. मी रिसीव्हर त्या हातातून काढून दुसऱ्या हातात घेतला.

"कोरडा हाय," मी म्हणाले.