गूळभेंडीचा बोलका राखणदार

पाखरं हाकायला माणूस कशाला लागतो? गोफण फिरवून खांदा का निखळवायचा? विज्ञान कशासाठी आहे? असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची त्याच्याच घरात ही किंमत!

प्रकरण गंभीर होतं. परंड्याहून सोनारीला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं शेत. त्यात खास हुरड्यासाठी राखलेला गूळभेंडी ज्वारीचा एक तुकडा. लग्नानंतर पहिल्यांदाच माझी सासुरवाडीची मंडळी बेंबळीहून रविवारी हुरडा खायला येणार होती, आणि पाखरांनी त्यांच्याआधीच पंगत मांडली होती.

"माझ्या बापापुढं रिकामं ताट जाऊ देऊ नका," बायको दीपमाला म्हणाली. "न्हायतर जन्मभर ऐकून घ्यावं लागंल मला!"

मी कामाला लागलो. यंत्राचा मेंदू म्हणून छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला, हालचाल ओळखणारा सेन्सर लावला, शेजारी आवाज साठवून वाजवणारं, काडेपेटीपेक्षाही लहान साउंड मॉड्यूल आणि त्याला भलाथोरला स्पीकर. कुणी जवळ हललं की आवाज! आणि आवाज कुणाचा? आमच्या आईचा! धुरपताबाईंनी बांधावरून हाक दिली की पलीकडच्या शिवारातली जनावरं माना वर करतात. आईनं मोबाईलवर मनापासून बोलून दिलं. सुरुवात तिच्या पद्धतीनं, गोड आणि हळू: "या! या!" आणि मग एकदम चढ्या पट्टीत: "तुमच्याच बापाचं रान हाय! फुकटचं गिळायला लाज न्हाय वाटत? निघा हितनं, मुडद्यांनो!"

आता मॉड्यूलला वीज कुठून द्यायची? वेगळे सेल कशाला, बोर्डाच्या पिनवरूनच दिली. काटकसर! शनिवारी पहाटे यंत्र रानात बसवलं आणि सकाळच्या शाळेला गेलो.

परत येतो तर रानात जत्रा! आगटी पेटलेली, अनोळखी माणसं मांड्या ठोकून हुरडा खातायत!

"कोण तुम्ही?" मी ओरडलो.

"सोनारीला दर्शनाला निघालो हुतो," एक म्हातारबाबा कणीस चोळत म्हणाले. "हितल्या मावशी लई जीव लावून बोलवत हुत्या बघा. या, या, या, या! येवढं कोण बोलवतंय आजकाल?"

"पण मावशी काय दिसंनात," शेजारची बाई म्हणाली. "तवा आमीच पेटवली आगटी. चटणी हाय का?"

तेवढ्यात कुणीतरी उठलं आणि यंत्र बोललं, "या! या!" मग गप्प. दम खाऊन पुन्हा, "या! या!"

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! शिव्यांना आईचा आवाज चढतो. आवाज चढला की मॉड्यूल जास्त वीज ओढतं. पिन बिचारी एखादा बारका दिवा लावण्यापुरती! वीज पुरेना की बोर्ड कोलमडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. म्हणजे स्वागत तेवढं बाहेर, हाकलणं पोटातच!

आता खात्या माणसाला ताटावरून उठवायचं कसं? तसं करणाऱ्याला आमच्याकडं सात पिढ्या नावं ठेवतात. मी मुकाट घरी गेलो आणि चटणी घेऊन आलो. गूळही आणला.

दीपमालानं अर्धा तुकडा फस्त झालेला बघितला. "पाखरं बरी हुती!" ती कडाडली. "ती चटणी तरी मागत नव्हती!"

मी लगेच मॉड्यूलला स्वतंत्र सेल जोडले आणि चाचणी घेतली. काय आवाज! अख्खं बोलणं, एका दमात, शेवटच्या मुडद्यापर्यंत! पाखरांचा थवाच्या थवा उडाला. उरलेला हुरडा पाहुण्यांना पुष्कळ होता.

रविवारी यंत्र बंद ठेवायला हवं होतं, हे मलाही कळतं हो! पण जावयाची हुशारी सासऱ्यानं बघायला नको? मी रस्त्यावर स्वागताला उभा राहिलो. सासरे बब्रुवानमामा गाडीतून उतरले ते पीक न्याहाळत सरळ बांधावरून आत! मागं सासूबाई, मेहुणे, सगळा गोतावळा. पाखरू कोण आणि सासरा कोण, सेन्सरला काय कळणार?

"या! या!"

"आलो की, विहीणबाई!" मामा हात जोडून हसले.

"तुमच्याच बापाचं रान हाय! फुकटचं गिळायला लाज न्हाय वाटत? निघा हितनं, मुडद्यांनो!"

मामांचे जोडलेले हात तसेच राहिले. मी यंत्र बंद करायला धावलो आणि ढेकळांत आडवा झालो. तेवढ्या हालचालीनं यंत्रानं आम्हा सगळ्यांना पुन्हा एकदा हाकललं!

खरी आई आगटीजवळून पळत आली. "अवो व्याही, ते म्या पाखरांला बोलले हुते!"

"पाखरांला बापाचं रान कवापासनं असतंय?" मामा म्हणाले आणि माघारी फिरले.

दीपमालानं माझ्याकडं एकदा बघितलं. गाडीचं मागचं दार उघडून माहेरच्यांत जाऊन बसली. गाडी बेंबळीच्या वाटेला लागली.

आज मामांचा फोन आला. मी घाबरत उचलला.

"जावईबापू, आमच्या ज्वारीलाबी पाखरं लागल्याती. ते यंत्र घिऊन या. आवाज दीपमाला देतीया. सकाळधरनं मोबाईलवर बोलतीया."

माझा जीव भांड्यात पडला. "पाखरांना काय काय म्हणतेय?" मी कौतुकानं विचारलं.

"पाखरांचं नाव अजून आलंच न्हाय."