रूपरावांची आडवाट

मनकर्णाबाई आणि त्यांचे यजमान रूपराव यांना फाट्यावर उतरवून एस.टी. धूळ उडवत निघून गेली तेव्हा साडेनऊ झाले होते. मनकर्णाबाईंच्या भावाची, चंद्रभानची बैलगाडी अजून आली नव्हती. त्याच्या घरी अकरा वाजता सेलूचे नवरा-बायको आपल्या मुलासाठी मनकर्णाबाईंच्या मुलीला, वच्छलाला पाहायला येणार होते. ती आधीच मामाकडे येऊन राहिली होती. आधीची तीन स्थळं रूपरावांच्या तोंडामुळे गेली होती. मुलाचा फोटो वच्छलाने गुपचूप पुस्तकात ठेवल्याचं मनकर्णाबाईंनी पाहिलं होतं, आणि हे चौथं स्थळ त्या हातचं जाऊ देणार नव्हत्या.

"गाडीची वाट काऊन पाहाची?" रूपराव म्हणाले. "या पऱ्हाटीतून गेलं, जंगल ओलांडलं, का आलं गाव. अर्धा घंटा."

"तुमाले रस्ता ठावूक आहे?"

"मले इथला तीनशे वर्षांचा इतिहास ठावूक आहे."

"मी रस्ता विचारून राह्यली."

पण रूपराव कापसाच्या शेतात शिरलेही होते. सिंदीच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातली कारकुनी संपल्यापासून त्यांना इतिहासाने झपाटलं होतं. मनकर्णाबाई दात-ओठ खात मागे निघाल्या. कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून या नव्या लुगड्याकडे बघत राहिल्या. शेताच्या टोकाला पाटाच्या चिखलात त्यांची एक चप्पल रुतली ती रुतलीच.

"इथूनच भोसल्यांची फौज गेलती," रूपराव म्हणाले.

"फौजेच्या पायात चपला असतील."

सागाच्या जंगलात एक पडका चौथरा लागला. ही गोंडराजाची चौकी, असं रूपरावांनी सांगितलं. पुढे बोराटीच्या काट्यांनी मनकर्णाबाईंचा पदर फाडला आणि अर्ध्या तासाने पुन्हा तसाच चौथरा समोर आला.

"ही दुसरी चौकी," रूपराव म्हणाले.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा रूपराव पलीकडचे दगड वितीने मोजायचं निमित्त करून झाडीत शिरले. मनकर्णाबाईंना रडावं की हातातली उरलेली चप्पल त्यांच्या पाठीत घालावी हे कळेना. एवढ्यात त्यांना दिसलं, की चौथऱ्यावर त्यांच्याच वयाची एक बाई तळपायातला काटा काढत बसली आहे. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"बाई, गावाले रस्ता कोणता?"

"मले ठावूक असता तं इथं बसली असती काय? आमच्या ह्यांनी आणलं. म्हणे जंगलात पायऱ्यांची विहीर आहे, ते पाहत जाऊ. गेले अन् तिकडचेच झाले."

"कुठं निघाल्या?"

"सेलूवरून आलो. चंद्रभानजीच्या भाचीले पाहाले."

मनकर्णाबाई फाटका पदर सावरत तिच्याशेजारी बसल्या. चिखलाचा पाय लुगड्याखाली ओढत त्या हळूच म्हणाल्या, "पोरीची माय मीच."

बाईंनी, म्हणजे प्रमिलाबाईंनी, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काही बोलणार तोच झाडीतून रूपरावांचा आणि प्रमिलाबाईंच्या नवऱ्याचा आवाज आला.

"विहीर गोंडांची आहे."

"भोसल्यांची. तुमाले विटेतलं काही समजत नाई."

"तुमाले समजत असतं तं असं बोलले नसते."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. चौथंही गेलं.

"बोलू द्या," प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तीस वर्षांत ह्यांले असं सांगनारा कोणी भेटला नव्हता. पोरगी कोनावर गेली?"

"माह्यावर. पोरगा?"

"माह्यावर. रस्ता चुकला तं तो दुसऱ्याले विचारते."

नवऱ्यांना तसंच भांडत ठेवून दोघी उठल्या. मोळी घेऊन जाणाऱ्या बाईला विचारलं आणि पाव तासात गावात पोचल्या. वाटेत कोणी इतिहास सांगितला नाही, त्यामुळे देण्याघेण्यापासून तारखेपर्यंत सगळं बोलून झालं. मुलगी पाहून झाली, वच्छलाने होकाराची मान हलवली, सोयरीक ठरल्याचं कुंकू लागलं.

दुपारी अडीचला, शोधायला गेलेल्या चंद्रभानच्या गाडीतून दोघे व्याही उतरले. एक पुढे बसला होता, दुसरा मागे, पाठीला पाठ करून. रूपरावांनी बायकोला ओसरीच्या कोपऱ्यात ओढलं.

"हे स्थळ आपल्याले नाई जमत. मानूस इतिहासात लय कच्चा आहे."

"कुंकू लागलं बाराले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हातपाय धुऊन घ्या. पंगत उठली, पन तुमच्या दोघांचं वाढून ठेवलं आहे. एकाच ताटात."