नवसाला पावणारी बांधकाम परवानगी

माणसाला राहायला घर लागतं, हे सिद्ध झालेलं आहे. घराला परवानगी लागते, हेही सिद्ध झालेलं आहे. परवानगी मिळेपर्यंत माणसाने राहायचं कुठे, यावर मात्र जाणकारांत एकमत नाही. आमच्या खारपिंपळी ग्रामपंचायतीचं मत असं की, तो अर्जदाराचा खासगी प्रश्न आहे, आणि कुणाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणं पंचायतीच्या संस्कारात बसत नाही.

(पेणहून कासूकडे येताना खाडीच्या अंगाला जे गाव दिसत नाही, ते आमचं.)

पुंडलिक हा जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. खाडीचा बांध फुटला त्या उधाणात त्याचं घर बसलं. तेव्हापासून तो आणि बायको काशीबाई मेव्हण्याच्या परसात निळ्या प्लास्टिकखाली राहतात. मुलगा निकेश डोलवीला ठेकेदाराकडे कामाला. रोह्याकडची अपेक्षा नावाची मुलगी त्याला पसंत, तीही राजी, पण तिच्या बापाने स्पष्ट सांगितलं, "आधी भिंती दाखवा, मग हळद लावा." लेकीचा बाप तो, त्याचं काय चुकलं? म्हणून पुंडलिकाने घर बांधायचं ठरवलं, आणि तिथेच त्याच्या हातून पहिली चूक झाली. त्याने परवानगी मागितली.

आमच्याकडे परवानगी मागण्याची पद्धत नाही. आमच्याकडे घराला गोठा म्हणतात. गोठा बांधायचा, त्यावर मजला चढवायचा, गॅलरी काढायची, टाइल्स बसवायच्या, आणि कुणी विचारलंच तर म्हैस बाजारात गेलीय म्हणून सांगायचं. (गावात गोठे एकशे बारा, म्हशी चार. पैकी एक सरपंचांची. ती रस्त्यावर बांधतात.)

आमचे ग्रामसेवक (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात; अडवायचा अधिकार आधीही होताच) नियमाला फार जपणारे. पुंडलिकाचा अर्ज पाहून त्यांना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मग साठलेले सगळे नियम त्यांनी एकट्या पुंडलिकाला लावले. सातबारा, नकाशा, शेजाऱ्यांची ना-हरकत, आणि राहत्या घराच्या घरपट्टीची पावती. (घर नसल्यास, नसलेल्या घराची.) पुंडलिकाने चपला झिजवून हेही जमवलं. उरली जागेची पाहणी.

पाहणीला साहेब आले ते नेमके पौर्णिमेला. फुटक्या बांधातून पाणी आत शिरलेलं आणि पुंडलिकाची जागा गुडघाभर पाण्याखाली. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, आज उधान हाय. भांगाला या, अष्टमी-नवमीला. तवा पानी चढत नाय." साहेबांनी शांतपणे शेरा मारला: 'जागेवर जागा आढळली नाही. समुद्र आढळला.' समुद्र पंचायतीकडे येत नसल्यामुळे प्रकरण समुद्र बघणाऱ्या खात्याकडे गेलं. त्यांनी उलट विचारलं, बोटीचा नंबर काय?

"मंग बांध तरी बांधा," काशीबाई म्हणाली. बांध तिसऱ्याच खात्याचा निघाला. ते म्हणाले, आत घरच नाही, तर बांधून वाचवायचं कुणाला? आता याला काय उत्तर द्याल?

असा श्रावण सरत आला. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची घाई उडाली. वरच्या आळीचा मांडव एका दुपारीत उभा राहिला. तो बघून काशीबाई तरातरा घरी आली, म्हणजे प्लास्टिकखाली आली, आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, त्या देवाला कुनी इचारला काय, तू जमिनीवर बसतोस का समुद्रात? तुमी बी मांडव घाला!"

तेच टेबल, तेच साहेब, तीच जागा; अर्ज फक्त मांडवाचा. त्यांनी मंडळाचं नाव विचारलं, शिक्का मारला आणि पहिला हार स्वतःकडून कबूल केला. चहा निवायच्या आत काम झालं.

देखाव्याचा विषय होता 'सामान्य माणसाचं घर'. निकेशने मित्र गोळा करून पडद्याआड खऱ्या विटा लावल्या, खरा गिलावा केला, जोतं उधाणाच्या हातभर वर घेतलं. उद्घाटनाला सरपंचांनी भिंतीवर टकटक केलं. "वा! अगदी खरी वाटते हो!" पंचायतीने देखाव्याला पहिलं बक्षीस दिलं. भिंतींचे फोटो रोह्याला गेले आणि हळदीची बोलणी सुरू झाली. काशीबाईने त्या रात्री प्लास्टिकखालची भांडी आत आणली, आणि भिंतीला पाठ लावून ती ढसाढसा रडली.

आता विसर्जन केलं की मांडव उतरवायला हवा. पुंडलिकाने विसर्जन जरा पुढे ढकललं, लग्नापुरतं. ही त्याची दुसरी चूक. तेवढ्यात, धाटावला एका कंपनीत वर्षानुवर्षं कंत्राटी असलेला जगन त्या मूर्तीपुढे नवस बोलला आणि परमनंट झाला. आंधळ्याला डोळे येणं वगैरे चमत्कार आमच्या भागात किरकोळ समजतात. पण कंत्राटी माणूस परमनंट! पंचक्रोशी लोटली. ग्रामसभेने टाळ्यांच्या गजरात वास्तू 'जागृत देवस्थान' ठरवली. घर नंबर मिळाला, नळ मिळाला, गाड्या लावायला भराव पडला आणि भाविकांचे पाय भिजू नयेत म्हणून बांधही झाला. देवाच्या दारात संसार बरा दिसत नाही, म्हणून पुंडलिकाची भांडी साहेबांनी आदराने बाहेर ठेवली.

अपेक्षाचा बाप आला, चपला काढून आत गेला, दर्शन घेतलं आणि म्हणाला, "देऊल झकास हाय. पन घर कुठं हाय?"

तिचं लग्न झालं. मुलगा नागोठण्याकडचा. त्यांचा दुमजली गोठा आहे.

पुंडलिकाने शेजारच्या तुकड्यासाठी पुन्हा अर्ज केला. या खेपेस पाणी नव्हतं, जागा आढळली. पण ती देवस्थानाच्या वाहनतळात आढळली.

हे वाचून तुम्हाला पंचायतीची चीड आली असेल. येणारच, तुम्ही सुशिक्षित माणसं. पण मागच्या संकष्टीला तुम्हीसुद्धा गाडी घेऊन आला होतात. नव्या फ्लॅटसाठी नवस बोललात, आणि आत शिरताना पायरीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणालात, "बाबा, चपलांकडे जरा लक्ष ठेवा."

त्याने ठेवलं. आपल्या दारी आलेला माणूस अनवाणी परत जाऊ नये, एवढं घरमालकाला कळतं.