वळणावरचा खांब

नव्या परिपत्रकाच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले होते की वळणावरच्या संरक्षक खांबावर एक टन वजनाचे वाहन ताशी सहा मैल वेगाने आदळवावे आणि खांब दोन इंचांहून अधिक झुकू नये. वाहन कुठून आणावे, याबद्दल परिपत्रक गप्प होते.

ओव्हरसियर वामनरावांची नोकरी हंगामी होती. १९६३ च्या एकतीस मार्चपूर्वी त्यांनी उमरखेड रस्त्यावर बांधलेले खांब चाचणीत पास झाले, तर नोकरी टिकणार, नाहीतर घरी. खात्याचा एकुलता ट्रक दुरुस्तीला गेला होता. म्हणून त्यांनी तांड्यावरच्या खेमसिंगची बैलबंडी ठरवली आणि तीत गिट्टी भरून वजन टनभर केले.

"म्हणजे खांब वाचवाचा नाही?" खेमसिंगने तिसऱ्यांदा विचारले.

"नाही. त्याच्यावर आदळायचं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"साहेब, तीस साल झाले बंडी हाकून राह्यलो. एका गोट्याले चाक लागू देल्लं नाही. आता भर रस्त्यात खांबाले बंडी ठोकली, त उद्या मले कापूस भराले कोन बोलवन?"

वामनरावांनी कागद लिहून दिला: 'खेमसिंग उत्तम गाडीवान असून त्यांनी सरकारी कामासाठी धडक दिली आहे.' खेमसिंगने तो त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला, मुंडाशात खोचला आणि बैल पळवले.

बैल जोरात आले आणि खांबाजवळ सफाईने वळले. वामनरावांनी टेपने अंतर मोजले. नऊ इंच. दुसऱ्या खेपेला साडेनऊ. तिसऱ्या खेपेला बैलांचे डोळे बांधले, तर ते जागचे हललेच नाहीत.

"जनावराले समजते," रस्त्याकडेला गिट्टी फोडत बसलेली खेमसिंगची बायको सुखीबाई म्हणाली, "शिकलेल्याइले समजत नाही."

वामनरावांनी बैल सोडायला लावले. वळणाकडे येणाऱ्या रस्त्याचा उतार आणि चाकांचे घर्षण धरून त्यांनी हिशेब केला: चाळीस फुटांवरून सोडलेली बंडी खांबापाशी बरोबर सहा मैलांचा वेग घेईल. बंडी मागच्या बाजूने उतरवायची आणि दांडी धरून खेमसिंगने मागे पळायचे. हिशेब चुकला नाही. बंडी हव्या त्या वेगाने आली आणि खांबाला वळसा घालून गेली.

"काहून वळवली?" वामनरावही आता वऱ्हाडीवर आले होते.

"म्या कुठं वळोली? हातानं वळोली."

पाचव्या खेपेला वामनरावांनी स्वतः दांडी धरली. बंडी त्यांच्यासकट डोंगराकडच्या नालीत गेली.

खोटे लिहिणे त्यांना जमत नसे. त्यांनी अहवाल दिला: 'पाच प्रयत्न केले. एकाही प्रयत्नात वाहन खांबावर आदळले नाही.'

आठवड्याने उत्तर आले. 'ज्याअर्थी सदर वळणावर वाहने आदळत नाहीत, त्याअर्थी खांबांची आवश्यकता दिसत नाही. ते काढून टाकावेत.'

काढलेले खांब वाहायला बंडी लागणारच होती. पुन्हा खेमसिंग आला. पहिल्या खांबाला साखळी बांधून बैलांनी ओढले, खांब ढिम्म. भाऊबंद भावसिंगची जोडी लावली. चार बैल आणि सहा माणसे दिवसभर ओढत होती. संध्याकाळी साखळी तुटली आणि सहाही जण एकमेकांवर पडले. वामनरावांनी ओळंबा लावला. खांब सुताएवढाही झुकला नव्हता.

"आता लिवा ना साहेब, पास झाला मनून," सुखीबाई म्हणाली.

"लिहिलं असतं, बाई. पण फॉर्मात आदळण्याचा रकाना आहे, ओढण्याचा नाही."

त्यांनी कळवले: 'खांब निघत नाहीत.' आणि एकतीस तारखेची वाट पाहत ट्रंक भरायला घेतली.

तीस तारखेला पाकीट आले. वळणावर खेमसिंगने विचारल्यावरून त्यांनी ते मोठ्याने वाचले. 'अनावश्यक खांब इतके मजबूत का बांधले, याची चौकशी सुरू करण्यात येत आहे. ती पूर्ण होईपर्यंत संबंधित ओव्हरसियरला नोकरीतून कमी करू नये व त्या जागेवरून हलवू नये.'

"किती दिस चालन हे चौकशी?" खेमसिंगने विचारले.

"याआधीची अकरा वर्षं झाली, चालूच आहे."

"अकरा साल!" सुखीबाईने हातोडा खाली ठेवला. "मंग इथंच जागा घेऊन घर बांधा, साहेब. पन पाया जरा कमी खना."