खाऱ्या पाण्याचा वॉर्ड

मागच्या उन्हाळ्यात मी इंगळे सिस्टरांच्या माशांना बोअरचं पाणी दिलं. फिल्टरच्या जारमध्ये भरून, झाकणाला सील लावून. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मुळात मी कमी बोलणारा. गिऱ्हाइकं म्हणतात, गजाननभाऊपेक्षा त्याच्या पाण्याच्या प्लांटचा नळ जास्त बोलतो. पण मी नेमकं काय केलं ते कळायचं, तर आधी सिस्टर कळायला हव्यात.

नांदुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सिस्टरांनी ज्याला टोचलं नाही असा माणूस सापडणं कठीण. उभी हयात त्यांनी सरकारी दवाखान्यात काढली. त्या निवृत्त झाल्या, पण दवाखाना काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. हातगाडीवरची पपई घेताना अंगठ्याने अशी दाबतात, की वाटावं आता विचारतील, इथं दुखते का? घरी पाहुणा आला तर चहा मिळतो, लाडूही मिळतो, पण घड्याळात सहा वाजले की त्या उभ्या राहून म्हणतात, "चला, भेटीची वेळ संपली." सख्ख्या नणंदेलाही म्हणाल्यात. नणंद अजून बोलत नाही.

अशा बाईंनी निवृत्तीनंतर समुद्राचे मासे पाळायचं ठरवलं. तेही नांदुऱ्यात, जिथून समुद्र गाठायला अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरला पाणी भरपूर, पण तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हणून तर माझा फिल्टर पाण्याचा धंदा चालतो. काचेची मोठी टाकी आली, मिठाच्या पिशव्या आल्या, तेव्हा मी हसत म्हणालो, "सिस्टर, मीठ कायले इकत आणता? आपल्या बोअरमधी समुद्रच हाय. द्या सोडून."

"गजानन," त्या म्हणाल्या, "समुद्राचं खारं येगळं अन् आपलं येगळं. त्याच्यानं मासा जगते. आपल्यानं माणसाची किडनी जाते."

त्यांचे यजमान, इंगळेकाका, किडनीच्याच दुखण्याने गेले होते. मी मिठाची एक पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. हे वाक्य मी ऐकलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहणार नाही.

तर सिस्टरांनी माझ्या जारचं गोडं पाणी घेतलं, त्यात समुद्रासारखं मीठ कालवलं, दगड रचले, पंप लावला. आणि थांबल्या. महिना उलटला तरी टाकीत मासा नाही. गल्ली रोज येऊन पाणी बघून जायची.

"सिस्टर, मासे कुठं हाय?"

"वॉर्ड तयार होऊन राह्यला. आधी स्टाफ भरती होते, मंग पेशंट."

स्टाफ म्हणजे बारीक जिवाणू. माशांची घाण विषारी होते, ती हे जिवाणू साफ करतात, आणि त्यांचा जम बसल्याशिवाय मासा सोडला तर मरतो. हे त्यांनी सगळ्या गल्लीला समजावलं. शेजारचे वानखडे गुरुजी काचेला नाक लावून म्हणाले, "पण स्टाफ दिसत नाही."

"सरकारी दवाखान्यात तरी कुठं दिसते?" सिस्टर म्हणाल्या.

मग मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात तीन मासे आले. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. सिस्टर स्वतः स्टेशनवर घ्यायला गेल्या. आल्या आल्या मासे वॉर्डात नाहीत, वेगळ्या टाकीत. "बाहेरून आलेला पेशंट हाय. काय घेऊन आला मले काय मालूम?" तिथून पास झाले तेव्हा मोठ्या टाकीत दाखल. नावं ठेवली नाहीत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. खाणं चिमटीने, तेही पाच मिनिटांत संपेल एवढंच. कोणी काचेवर टिचकी मारली तर, "तुह्या खाटेले कोणी लाथ मारली तर चालन का तुले?" एकदा गुरुजींनी गुपचूप चुरमुरे टाकले. त्यांना महिनाभर वॉर्डबंदी झाली. ती त्यांनी पाळली.

मे महिन्यात ऊन चढलं की टाकीतलं पाणी भराभर उडायचं. "पाणी उडते, मीठ उडत नाही," सिस्टर सांगायच्या, "म्हणून वरून गोडंच टाकायचं." रोज दोन जार त्यांच्या घरी जायचे.

त्याच महिन्यात माझ्या प्लांटचं मुख्य फिल्टर गेलं. नवीन अकोल्याहून यायचं होतं, ते आज येतं, उद्या येतं असं चाललं. लग्नसराईचे दिवस. जुन्या फिल्टरमधून धार यायची ती करंगळीएवढी. मी विचार केला, हे थोडंसं चांगलं पाणी माणसांनाच द्यावं. मग कोणाचं कापायचं? सिस्टरांचं. त्यांचे मासे तर खाऱ्या पाण्यातलेच. शेवटी हे पाणी खाऱ्यातच तर जाणार. म्हणून त्यांचे जार मी थेट बोअरवरून भरले. त्या दिवशी मला मी शहाणा वाटलो होतो. माणसं वाचवली असंही वाटलं.

चार-सहा दिवसांत मासे कोपऱ्यात जाऊन बसले. धापा टाकायला लागले. सिस्टरांनी मिठाचं माप पाहिलं, बरोबर. पंप पाहिला, बरोबर. मग त्यांनी त्यांना माहीत असलेला उपाय केला. टाकीतलं थोडं पाणी काढून ताजं भरलं. ताजं म्हणजे माझं. मासे आणखी खंगले. त्यांनी आणखी पाणी बदललं. मीच जार पोचवत होतो. एकदा जार पायरीवरच ठेवून निघालो तर म्हणाल्या, "बरं झालं वेळेवर आणलं, गजानन. तू हाय म्हणून हे जगून राह्यले." मी मान खाली घालून रिकामे जार उचलले.

दोन नंबरचा मासा एका सकाळी तरंगताना सापडला.

त्या दिवशी सिस्टरांनी सगळे उपाय थांबवले. टाकीजवळ स्टूल घेऊन नुसत्या बसून राहिल्या. योगायोग असा, की त्याच दिवशी माझं नवीन फिल्टर आलं आणि त्यांच्या घरी पुन्हा चांगलं पाणी जायला लागलं. हळूहळू उरलेले दोघे पोहायला लागले, खायला लागले. मला वाटलं, सुटलो.

पण सिस्टरांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. त्यांना वाटलं, आपण हात लावला तोवर मासे मरत होते, हात काढला तर बरे झाले. म्हणजे दोष आपल्याच हातात आहे.

गल्लीच्या टोकाला राबियाचाची एकट्या राहतात. त्यांना रोज सकाळी इन्सुलिन टोचायला सिस्टर जायच्या. चाचीला सुई दिसली की भोवळ येते, म्हणून स्वतःला टोचता येत नाही. एक दिवस बघतो तर चाची उन्हात डोक्यावर पदर घेऊन ऑटोची वाट बघत उभ्या.

"कहाँ चाची?"

"दवाखाने, बेटा. सिस्टर अब नै आती. बोलती, मेरे हाथ का भरोसा नै रहा." ऑटो येताना दिसली तशी चाची म्हणाल्या, "एक मच्छी क्या मरी, बाई ने हिम्मत छोड दी."

मी चाचीला ऑटोत बसवलं आणि तसाच सिस्टरांकडे गेलो. पायरीवर चपला काढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं. आत गेलो, उभ्यानेच सांगून टाकलं. बोअर, फिल्टर, सील, सगळं.

सिस्टरांनी चष्मा लावला. माझ्याकडे बघून त्यांनी मला पेशंटचं प्लास्टिकचं स्टूल दिलं.

"कधीपासून?"

"लग्नसराई लागली तेव्हापासून."

"रोज दोन्ही जार?"

"हाव. दोन्ही."

"अन् नवीन फिल्टर कोणत्या दिवशी बसलं?"

"दोन नंबर गेला त्याच दिवशी. दुपारी."

त्यांनी डोळे मिटून हिशेब जुळवला. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी आपला उजवा हात समोर धरला, उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे हात चांगला हाय," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि इतका लांब श्वास सोडला, की मला वाटलं तो त्यांनी दोन नंबर गेला त्या सकाळपासून धरून ठेवला होता.

"सिस्टर, माफ करा."

"बावळट हायेस तू. सांगितलं होतं तुले, खारं खारं सारखं नसते म्हणून." मग टाकीकडे वळल्या. "तुले म्हणून सांगतो, गजानन. काका गेले. पोरगा पुण्याले राह्यते, त्याले सर्दी झाली तरी मोबाईलवर डॉक्टरले इचारते. घरी कोणी आजारी पडाले सुद्धा राह्यलं नाही. म्हणून हे आणले. अन् हे बी माह्या हातानं चालले, असं वाटलं तर मंग मी सकाळी उठू कायले?"

मी स्टूल होतं तिथं परत ठेवलं. त्यांनी मला दरवाजापर्यंत पोचवलं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी त्या सहाच्या आधीच भेटीची वेळ संपवतील, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांट उघडताना पाहिलं, सिस्टर इन्सुलिनचा बर्फाचा डबा काखेत धरून चाचीच्या दारात उभ्या होत्या. आतून चाची ओरडत होत्या, "धीरे लगाना, इतने दिन की कसर मत निकालना." मला सकाळचा चहा बऱ्याच दिवसांनी गोड लागला.

नंतर गुरुजींनी विचारलं, माशांचं काय बिघडलं होतं? सिस्टर म्हणाल्या, "पेशंटचं बाहेर सांगत नसतो." माझं नाव त्यांच्या तोंडून आजवर निघालेलं नाही. गल्लीत मात्र अजून लोक म्हणतात, सिस्टरांचं वय झालं, मागे हात चुकला होता त्यांचा, मासा मेला. मी जार भरता भरता ऐकतो. हात त्यांचा चुकला नव्हता, माझा चुकला होता, हे चाचीला, गुरुजींना आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगणं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.